तोट्याला वाटेकरी कोण?

वेल्समधील एबू व्हेल हे पोलादाचे गाव. अनायरिन बेव्हन तीस वर्षांहून अधिक काळ इथले खासदार होते. पोरवयापासून कोळशाच्या खाणीत राबलेल्या या नेत्याने आरोग्यमंत्री म्हणून १९४८ मध्ये ब्रिटनला मोफत उपचारांची राष्ट्रीय आरोग्यसेवा दिली. त्या गावातला पोलाद कारखाना २००२ मध्ये बंद झाला. पुढे युरोपीय संघात राहावे की नाही यावरील २०१६ च्या सार्वमतात ब्लाइनाय ग्वेंट या तिथल्या परगण्याने ६२ टक्के मतांनी संघाकडे पाठ फिरवली. वेल्समध्ये हे प्रमाण सर्वाधिक होते.

संघाच्या निधीतून इथे रस्ते, कॉलेज, रेल्वेची कामे झाली होती. म्हणून अनेकांनी या मतदारांना अडाणी, कृतघ्न ठरवले. हा निवाडा अन्यायाचा आहे. कारखाना जातो तेव्हा पगाराबरोबर माणसाची पत जाते, बापाचे कसब मुलाच्या कामी येत नाही, कामगारांची संघटना मोडते. रस्ता झाला, पण त्या रस्त्याने कामाला जायचे कुठे?

अशा गावांचे काय, यावर मुक्त व्यापाराचे समर्थक सांगत आले की, एकूण लाभ एवढा होईल की त्यातून नुकसान सोसणाऱ्यांची भरपाई करता येईल. प्रत्यक्षात लाभ ज्यांचा त्यांनी नेला आणि तोटा गावांच्या माथी राहिला. अमेरिकेने १९६२ मध्येच व्यापारामुळे रोजगार गमावणाऱ्यांसाठी साहाय्य योजना आणली. ती कायम तोकडी राहिली, आणि २०२२ मध्ये नव्या कामगारांसाठी तिचे दार बंद झाले.

म्हणून अशा गावांच्या मतांमागचा राग खरा आहे. पण तो स्थलांतरितांवर काढणे हा अधर्म आहे. वेल्सच्या खोऱ्यांत डॉक्टर मिळत नव्हते, तेव्हा भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनी तिथल्या खाणकामगारांची शुश्रूषा केली. परक्याकडे बोट दाखवणारा पुढारी मते मिळवतो. बंद भट्टी त्याने पेटत नाही.

पुण्यात परदेशी कंपन्यांच्या कामावर घर उभे केलेल्या मराठी माणसालाही हा विचार टाळता येणार नाही. आपल्या सुबत्तेत दूरच्या कुणाची गेलेली नोकरीही असू शकते. तिथल्या द्वेषाचा निषेध करताना तिथल्या दुःखाची जाण आपण ठेवलीच पाहिजे.

व्यापारकरार माणसेच करतात. तेव्हा ज्या करारात नफ्याचे आकडे मांडले जातात, त्याच करारात उजाड होणाऱ्या गावांसाठी नव्या रोजगाराची, प्रशिक्षणाची आणि त्यासाठी लागणाऱ्या पैशाची तरतूद बंधनकारक करा. तो कामगाराचा हक्क आहे. त्याच्यावर केलेले उपकार नव्हेत.