न मागणाऱ्याचे देणे

आमच्या परसात, भर उन्हात, पायरीच्या फटीत सदाफुलीचे एक झुडूप वर्षानुवर्षे उभे होते. ते कोणी लावले नव्हते. बी गळून आपसूक रुजले असावे. गुलाबास शेणखत, जाईस मांडव, तुळशीस रोजचा तांब्या. सदाफुलीच्या वाट्यास हात धुतलेले पाणी गेले तर गेले. तिच्या कडू पाल्यास शेळीही सहसा तोंड लावीत नाही, म्हणून कुंपणाचाही खर्च नाही. तथापि वैशाखात गुलाब माना टाकून बसे, तेव्हा देवाच्या तबकातील पाच पाकळ्यांची फुले हिचीच असत.

जो सोसू शकतो त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य त्याच्या सोसण्याच्या प्रमाणात कमी होते काय? रडणाऱ्या मुलास दूध आधी मिळावे हे युक्तच आहे. परंतु न रडणाऱ्यास भूकच नाही, असा सिद्धान्त त्यावरून हळूच बांधला जातो, तो कोणत्या न्यायाने? आमच्या घरी एक विधवा आत्याबाई होत्या. ‘आत्याबाईंचे काही नसते’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून इतके ऐकले की, शिळी भाकरी त्यांस आवडते असेच आम्ही धरून चाललो. त्यांस कोणी विचारले नव्हते.

त्या गेल्या त्या वर्षी आम्ही सदाफुलीची सेवा आरंभिली. मुळासकट उपटून ती कुंडीत लावली, दोन्ही वेळा पाणी घातले. तीन आठवड्यांत झाड मेले. हिला ऊन हवे आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन हवी. मुळाशी पाणी साचले की मुळे कुजतात. मग पूर्वीचे दुर्लक्षच बरे नव्हते काय, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. पूर्वी आम्ही तिच्याकडे पाहिले नाही, आणि नंतर पाणी घातले तेही न पाहताच. ते पाणी आमच्या मनाच्या टोचणीस घातलेले होते.

मूळच्या मादागास्करच्या या झाडाकडे खरे पाहिले ते कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी. जमैकात हिचा पाला मधुमेहावर घेत, म्हणून त्यांनी तो तपासला. रक्तातील साखर उतरली नाही. उतरल्या त्या पांढऱ्या पेशी. अपेक्षित ते मिळाले नाही म्हणून त्यांनी पाला फेकून दिला नाही. त्या शोधातून आलेले व्हिन्ब्लास्टिन १९५८ साली जाहीर झाले. पुढे याच पाल्यातून निघालेले व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर आजही देतात. (देवाच्या तबकात हे फूल ठेवताना आम्हांस यातले काही ठाऊक नव्हते, हे सांगणे नलगे.)

आता त्याच फटीत नवे रोप आले आहे. पाणी घालण्यापूर्वी आम्ही मातीत बोट घालून पाहतो. बहुधा तांब्या भरलेलाच परत न्यावा लागतो. आत्याबाईंस ताजी भाकरी आवडली असती की नाही, हे मात्र आता कोणास विचारावे?