एक हात मोकळा



वार्षिक परीक्षा संपल्या की आपल्या घराघरांतून माळ्यावरच्या बॅगा खाली येतात. कोणी गोव्याला निघते, कोणी महाबळेश्वरला, कोणी लांबच्या नातलगांकडे. ज्या घरात तान्हे बाळ आणि चार-पाच वर्षांचे मूल आहे, तिथे मात्र सुटीच्या आनंदाआधी एक धास्ती उभी राहते. बरोबर काय काय घ्यायचे? झबली, दुपटी, डायपर, बाटल्या, औषधे, खेळणी, खाऊ... ढीग वाढतच जातो आणि शेवटी बॅगेची चेन लागावी म्हणून कोणाला तरी तिच्यावर बसावे लागते. विषय घरगुती आहे खरा. पण त्यात एक जुना नैतिक प्रश्न दडलेला आहे. उद्याची काळजी किती करावी? ती कुठवर प्रेम असते आणि कुठून तिची भीती होते?

प्रथम एक गोष्ट मान्य करू या. तान्ह्या बाळाला उद्या ठाऊक नसतो. आपण मोठी माणसे स्वेटर विसरलो तर कुडकुडतो आणि स्वतःलाच दोष देतो. बाळ मात्र कुडकुडते ते आपल्या विसरण्यामुळे. त्याच्या वाट्याची दूरदृष्टी आपल्यालाच बाळगावी लागते. तेव्हा काहीच तयारी न करता ‘देव बघून घेईल’ म्हणणे याला श्रद्धा म्हणता येणार नाही. संत लूक बेथलेहेमचा प्रसंग सांगतो, तेव्हा पवित्र मरिया आणि योसेफ यांना उतारशाळेत जागा मिळाली नव्हती. पण बाळाला गुंडाळायला कपडे मात्र हाताशी होते. एवढी तजवीज त्या गरीब प्रवाशांजवळही होती.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाचा सविस्तर विचार केला. दूरदृष्टी हे त्यांनी विवेकाचे महत्त्वाचे अंग मानले. भविष्याची काळजी करणे योग्य की अयोग्य, या प्रश्नावर त्यांनी शेतकऱ्याला पटेल असे उत्तर दिले आहे: प्रत्येक ऋतूची आपापली काळजी असते. उन्हाळ्यात कापणीची काळजी करावी, शरद ऋतूत द्राक्षांच्या तोडणीची. कापणीच्या दिवसांतच जो द्राक्षांची चिंता वाहतो, तो पुढच्या दिवसांचे ओझे विनाकारण आज उचलतो. आपल्या बॅगेतही असे पुढच्या दिवसांचे ओझे पुष्कळदा शिरते.

म्हणून प्रत्येक वस्तू उचलताना मनाला दोन प्रश्न विचारू या. ही नसेल तर मुलाचे खरोखर हाल होतील का? आणि आपण जातो तिथे ती वेळेवर मिळेल का? मुलाचे नेहमीचे औषध, त्याच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेची चिठ्ठी, ओआरएसची दोन-चार पाकिटे ही हाताशीच हवीत. घाटात किंवा मध्यरात्री गाडीत ती शोधता येत नाहीत. महाबळेश्वर तेराशे मीटरहून उंच आहे. मे महिन्यातही तिथे संध्याकाळी गारवा असतो, म्हणून बाळाचे टोपडे आणि स्वेटर हवाच. जी विटकी गोधडी घेतल्याशिवाय धाकटा झोपत नाही, तीही हवी. आपल्याला ती जुनेर वाटेल, पण परक्या खोलीत त्याचे घर तेवढेच असते.

पण आठवडाभराचे सगळे डायपर, बिस्किटांचे डझनभर पुडे, दहा-दहा फ्रॉक? जिथे आपण जातो, तिथेही लेकरे जन्मतात, तिथेही दुकाने आहेत, तिथेही आया आहेत. कधीतरी काही विसरेल, तेव्हा शेजारच्या खोलीतली बाई ते देईल. गाडीत अनोळखी माणूस सरकून बाळाला निजायला जागा करून देतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणाकडे काहीही मागण्याची वेळच येऊ नये म्हणून जेव्हा आपण बॅगा भरतो, तेव्हा शेजाऱ्यावरचा अविश्वासही त्यांत भरत असतो.

आणखी एक प्रश्न न्यायाचा आहे. हे सामान भरतो कोण? बहुतेक घरांत एकटी आई, रात्री सर्वांची निजानीज झाल्यावर. पहाटे उठून आपण तिला विचारतो, ‘माझा शर्ट ठेवलास ना?’ सहा महिन्यांच्या आतील बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काही लागत नाही, उन्हाळ्यात वरचे पाणीसुद्धा नाही, असे डॉक्टर सांगतात. म्हणजे त्याचे सारे अन्नपाणी आईपाशी असते. मग यादीत पहिले नाव तिचे नको का? तिची झोप, तिचे पिण्याचे पाणी, बाळाला पाजायला आडोशाची जागा ही तयारी घरातल्या इतरांनी करावी. औषधांची पिशवी कोठे आहे हे वडिलांनाही ठाऊक असावे. चार-पाच वर्षांच्या मुलालाही त्याची छोटी पिशवी द्यावी आणि दहांपैकी दोनच खेळणी त्याला निवडू द्यावीत. काही वस्तू मागे ठेवूनही आनंदाने जाता येते, हे त्याला त्या वयातच कळेल.

शेवटी एक साधे माप. वसई रोडला लांब पल्ल्याची गाडी थोडी मिनिटेच थांबते. फलाटावर गर्दी, हमाल, धावपळ. आईवडिलांचे मिळून हात चार. दोन बाळाला लागतात, एका हातात थोरल्याचे मनगट. उरलेल्या एका हाताने आणि पाठीवर जेवढे नेता येईल, तेवढेच आपले सामान. त्यापुढची प्रत्येक बॅग मुलाचा हात सोडवून घेते. बॅगा भरताना हे हात घरीच मोजावेत आणि मोजणी जमेपर्यंत एकेक वस्तू पुन्हा कपाटात ठेवावी.

आपणां सर्वांचा प्रवास सुखरूप होवो!