‘आता जागा नाही’ म्हणण्याचा हक्क

उपनगरातल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘समोरच्या प्लॉटवर कमर्शियल कॉम्प्लेक्स येतंय’ असा मेसेज पडला, की पुढच्या दहा मिनिटांत काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ‘आधीच इतकं ट्रॅफिक आहे’ हे वाक्य येतं. मग गच्चीतून काढलेला रस्त्याचा फोटो येतो. मग कुणीतरी नगरसेवकाचा नंबर टाकतं. तासाभराने एखादा हळूच विचारतो, की खाली चांगलं सुपरमार्केट आलं तर आपली सोयच नाही का होणार? त्याला दोन अंगठे मिळतात आणि ग्रुप पुन्हा ट्रॅफिककडे वळतो.

हा वाद आपण नियोजनाचा समजतो. एफएसआय किती, रस्ता किती मीटरचा, पार्किंग किती. हे सगळं महत्त्वाचं आहेच, पण त्याच्या बुडाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे. आधी आलेल्याला मागून येणाऱ्याला ‘आता जागा नाही’ असं सांगायचा हक्क कुठून मिळतो? आणि त्याचीच दुसरी बाजू: ज्याला बांधकामातून नफा मिळतो, त्याला इतरांच्या आयुष्यातले तास न विचारता खर्च करायचा हक्क कुठून मिळतो?

डब्यातला माणूस

मुंबईच्या लोकलने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असते. फलाटावर उभा असलेला माणूस ओरडतो, ‘अहो, आत सरका ना, आत बरीच जागा आहे!’ तोच माणूस आत शिरला की पुढच्या स्टेशनवर दारातल्यांना म्हणतो, ‘कुठे चढताय? जागा नाही.’ दोन्ही वेळा तो मनापासूनच बोलत असतो. बदललेली असते ती फक्त त्याची उभं राहायची जागा.

उपनगरात राहायला आलेले आपण सगळे असेच आहोत. आपली बिल्डिंग उभी राहिली, तेव्हा गावातल्या कुणाला तरी रस्त्यावरून गुरं नेणं अवघड झालं होतं. आपल्या पहिल्या स्कूटरने आणि मग पहिल्या कारने कुणाचा तरी रस्ता थोडा अरुंद केला होता. त्यामुळे ‘ट्रॅफिक वाढेल’ ही हरकत खरी असली, तरी ती घेताना आपण ट्रॅफिकच्या बाहेर उभे आहोत असं समजता येत नाही.

शिवाय समोर दुकान आलं नाही म्हणून आपली खरेदी थांबत नाही. आपण तीन किलोमीटर गाडी चालवत दुसऱ्या उपनगरात जातो आणि तिथल्या लोकांच्या दारात गाडी लावतो. म्हणजे विरोध करून आपण ट्रॅफिक कमी केलं नाही, ते दुसऱ्याच्या गल्लीत पाठवलं. चालत जाण्याच्या अंतरावर किराणा, दवाखाना, क्लास आणि बँक असेल, तर गाडीच्या कितीतरी फेऱ्या मुळात घडतच नाहीत. सगळाच व्यापार गर्दी वाढवत नाही. काही व्यापार गर्दी वाचवतो.

हिंजवडीची बेरीज

हे इतकं सरळ असतं तर ‘येऊ द्या सगळं’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पण मग हिंजवडीचं काय करायचं?

मुळशी तालुक्यातल्या या गावात एमआयडीसीने 1990च्या दशकाच्या अखेरीला राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारायला घेतला. आज तिथे लाखो लोक कामाला जातात आणि तिथल्या कोंडीवर तयार झालेल्या मीम्सचा वेगळा संग्रह होऊ शकेल. गंमत अशी, की यातला जवळजवळ प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर शहाणपणाचाच दिसतो. एका कंपनीला जागा देणं योग्य होतं, दुसरीला देणंही. जवळ घरं बांधू देणं योग्य, घरांजवळ मॉल होऊ देणंही योग्य.

पण बेरीज कुणी करायची? पार्कमधले रस्ते एमआयडीसीचे. गाव ग्रामपंचायतीचं. आसपासच्या भागाचं नियोजन पीएमआरडीएकडे, जी 2015 साली स्थापन झाली. एका बाजूला वाकड, तिथे पिंपरी-चिंचवड महापालिका. मुळा नदीपलीकडे बाणेर-बालेवाडी, तिथे पुणे महापालिका. मधून जाणारा महामार्ग केंद्र सरकारचा आणि बस पीएमपीएमएलची. इमारतीला परवानगी देणारं टेबल होतं. पण सगळ्या इमारतींमधली माणसं सकाळी नऊ वाजता एकाच रस्त्यावर आली तर काय होईल, हा प्रश्न पूर्णपणे ज्याचा आहे असं टेबल नव्हतं. शिवाजीनगर ते हिंजवडी या 23 किलोमीटरच्या मेट्रोची पायाभरणी झाली डिसेंबर 2018 मध्ये. तोवर आयटी पार्कने दोन दशकं पाहिली होती.

या काळात जे खर्च झालं त्याचं बिल कुणालाच आलं नाही. समजा, एका माणसाचा रोज एक तास कोंडीत जास्तीचा गेला. वर्षातले अडीचशे कामाचे दिवस धरले तर अडीचशे तास. आठ तासांच्या हिशेबाने हे कामाचे एकतीस दिवस होतात. कुठल्याही कंपनीने नोकरी देताना ‘वर्षातून एक महिना रस्त्यावर उभं राहावं लागेल’ असं लिहून दिलं नव्हतं. आणि एसी गाडीत पॉडकास्ट ऐकत उभ्या असलेल्याचा तास आणि तीन घरची कामं करणाऱ्या बाईचा बसमधला तास सारखा नसतो. तिचा तास गेला म्हणजे चौथं घर गेलं, म्हणजे महिन्याचे पैसे गेले.

गावकऱ्यांच्या वाट्याला आणखी वेगळं येतं. आधी पार्कसाठी जमिनी गेल्या. मग पार्कमुळे कोंडी झाली. आणि कोंडी सोडवायला रस्ता रुंद करायचा ठरलं, की टेप घेऊन माणसं पुन्हा गावातल्याच घरांच्या आणि दुकानांच्या भिंती मोजायला येतात.

तरीही ‘हिंजवडी व्हायलाच नको होतं’ असं म्हणवत नाही. लातूर, परभणी, बुलढाण्याहून इंजिनिअरिंग करून आलेल्या किती मुलामुलींचा पहिला पगार या रस्त्याच्या टोकाला झाला! त्यांच्या पगारावर गावाकडे घरं बांधली गेली, बहिणींची शिक्षणं झाली. ज्याची नोकरी लागून गेली आहे, त्याने ‘आता आणखी ऑफिसं नकोत’ म्हणणं सोपं असतं. ज्याची लागायची आहे तो हरकत नोंदवायच्या सभेला हजरच नसतो. त्याचा पत्ता अजून दुसऱ्या जिल्ह्यातला असतो.

मोजायचं काय?

या दोन्ही बाजू आपल्या जागी खऱ्या आहेत. मग मार्ग कसा काढायचा? माझ्या मते गाठ आपल्या मोजण्यात आहे. ‘ट्रॅफिक’ म्हणताना आपण गाड्या मोजतो, माणसं नाही.

राष्ट्रीय इमारत संहिता ऑफिसमधली गर्दी मोजताना माणशी 10 चौरस मीटर जागा धरते. आपल्या बांधकाम नियमांत कारसाठीची पार्किंगची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर असते. तिथवर जायची-यायची वाट धरली तर हा आकडा साधारण दुप्पट होतो. म्हणजे माणसाला दिवसभर काम करायला जितकी जागा लागते, त्याहून जास्त जागा त्याची गाडी दिवसभर काहीही न करता अडवते. ऑफिस मोठं झालं म्हणून रस्ता भरतो हे अर्धंच खरं. प्रत्येक माणसाबरोबर एक टन लोखंड येतं म्हणून तो भरतो.

2006च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात, गाड्यांची नाही तर माणसांची ने-आण हे ध्येय असावं, असं स्पष्ट लिहिलं आहे. त्याच वर्षाच्या अखेरीला पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी राखीव मार्गिका सुरू झाली. देशातला तो पहिलाच प्रयोग होता आणि त्यात उणिवा भरपूर होत्या. पण त्यानंतर आलेल्या नगर रस्त्यावरच्या मार्गिकेचा काही भाग अलीकडे काढून टाकला गेला, तेव्हा कारण काय होतं? कोंडी! बसमधली पन्नास माणसं अडली तर ती प्रवाशांची गैरसोय, पन्नास गाड्या अडल्या तर ती शहराची समस्या. हा हिशेब आपण कधी मतदान घेऊन ठरवला नव्हता.

रस्ता रुंद करून हा प्रश्न सुटत नाही हे काही नवं ज्ञान नाही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 साली मांडलं होतं, की शहरातला रस्ता वाढवला की गर्दीच्या वेळची वाहनं वाढून तो पुन्हा भरतो. आपल्याकडे पुणे विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल कोंडी फोडायला बांधला आणि जेमतेम दीड दशकात, 2020 साली, मेट्रो आणि नव्या पुलासाठी पाडला.

डबा खरंच भरतो तेव्हा

मात्र ‘जागा नाही’ ही तक्रार प्रत्येक वेळी स्वार्थाचीच असते असंही नाही. कधीकधी डबा खरंच भरलेला असतो.

1982च्या संपानंतर मुंबईतल्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. पुढे त्यांच्या जमिनींवर टॉवर, मॉल आणि ऑफिसं आली. लोअर परळ आणि आजूबाजूच्या भागात रोज उतरणाऱ्या माणसांची जातकुळी बदलली आणि संख्या फुगली. पण स्टेशनांवरचे जिने आणि पूल त्या प्रमाणात वाढले नाहीत. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी, पावसात, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली. 23 माणसं मेली. त्यांच्यापैकी कुणीही कारने आलं नव्हतं. ‘ट्रॅफिकची चिंता’ म्हणजे गाडीवाल्यांची कुरकुर, असं ज्याला वाटतं त्याने तो पूल आठवावा. जमिनीचा भाव काचेच्या इमारतींपर्यंत पोचला होता. त्यातला पुरेसा वाटा जिन्यापर्यंत पोचला नव्हता.

आधी काय, मग काय

मुंबईच्याच पलीकडे याचं दुसरं उदाहरण आहे. 1965 साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली. 1970 साली त्यासाठी सिडको स्थापन झाली. कल्पनेचा गाभा हाच होता, की नोकऱ्याच पलीकडे न्या, म्हणजे माणसांना रोज दक्षिण मुंबईत कोंबावं लागणार नाही. पण सरकारने मंत्रालय हलवलं नाही. उलट नरिमन पॉइंटला समुद्रात भराव टाकून ऑफिसं वाढत राहिली. नव्या मुंबईत घरं झाली, नोकऱ्या बराच काळ अलीकडेच राहिल्या, आणि वाशीला लोकल पोचायला 1992 साल उजाडलं.

मात्र त्या रेल्वेत एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिच्या खर्चाचा दोन तृतीयांश वाटा सिडकोने उचलला, आणि सिडकोकडे पैसा यायचा तो जमिनी विकून. रेल्वे येणार म्हणून जमिनीचा भाव वाढतो, त्या भावातून रेल्वे होते. वाशी आणि बेलापूरच्या स्टेशनांवरच ऑफिसं उभी आहेत. आगगाडीतून उतरणारा माणूस तिथे रस्त्यावर न येताच कामाला पोचू शकतो. व्यापार आणि वाहतूक यांत भांडण असायलाच हवं असं नाही. एकाच्या नफ्यातून दुसऱ्याची सोय करून घेता येते. फक्त ती करून घ्यायला हवी, आणि वेळेत.

म्हणून ‘विकास हवा की मोकळा रस्ता’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. विचारायचं ते क्रमाबद्दल आणि वाट्याबद्दल. कॉम्प्लेक्स बांधणाऱ्याला विचारावं: इथे रोज किती माणसं येतील, ती कशाने येतील, आणि ती सोय इमारत सुरू व्हायच्या आधी होणार की नंतर? जमिनीच्या वाढलेल्या भावातून बस, पदपथ आणि पुलासाठी किती निघणार? ‘आधी होऊ द्या, मग बघू’ हे उत्तर असेल, तर तो आपले तास तारण ठेवून कर्ज काढतोय, असं सरळ समजावं.

आणि हरकत घेणाऱ्याने, म्हणजे आपणही, स्वतःला विचारावं: हाच नियम आपली बिल्डिंग होताना लावला असता तर आपण इथे असतो का? गर्दी नको म्हणताना आपण काय सोडायला तयार आहोत? रस्त्यावर फुकट उभी राहणारी आपली दुसरी गाडी? बससाठी एक मार्गिका? काहीच सोडायचं नसेल, तर आपण गर्दीला विरोध करत नाही, फक्त नव्या माणसांना करतो. काही सोडायची तयारी असेल, तर मात्र ‘आता जागा नाही, आधी बस आणा, मग बांधा’ असं ठणकावून म्हणायचा हक्क आपल्याला पुरेपूर आहे.

हा प्रश्न आता पुढच्या ठिकाणी निघाला आहे. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि त्याच्या पलीकडच्या टोकाला, उरण, पनवेल, पेणच्या 124 गावांत ‘तिसरी मुंबई’ आखली जाते आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी जमिनीबद्दल हरकती घेतल्या आहेत. ट्रॅफिकची हरकत घ्यायला अजून तिथे कुणी राहायला आलेलं नाही. ती घेणारे लोक वीस वर्षांनी येतील, त्यातले काही कदाचित हा लेख वाचणाऱ्यांपैकीच असतील, आणि तेव्हा त्यांना सांगितलं जाईल की आता उशीर झाला. बेरीज करायची वेळ आज आहे, कागद कोरा असताना.