चार खाणी आणि गर्भाचा आश्रय

जीवांच्या उत्पत्तीच्या चार खाणी परंपरेने सांगितल्या जातात : जारज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज. वारेत वेढलेले जन्मतात ते जारज, अंडे फोडून बाहेर येतात ते अंडज, घामाच्या वा ओलाव्याच्या आश्रयाने दिसू लागतात ते स्वेदज, आणि भूमी फोडून वर येतात ते उद्भिज. हे शब्द आपण निरूपणातून इतक्या वेळा ऐकतो की त्यांचा अर्थ आपणास ठाऊकच आहे असे वाटू लागते. परंतु त्यातील एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. देहाची घडण सुरू होणे आणि तो देह प्रकाशात येणे, या दोहोंच्या मधल्या काळात तो कोठे असतो, कोणाच्या आधारावर वाढतो, आणि त्या काळात त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य आहे की नाही? अहिंसा हे ज्यांच्या आचाराचे मूळ आहे, त्यांना हा प्रश्न टाळता येणार नाही.

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात गोदावरीच्या तीरी आत्मतीर्थ पांचाळेश्वर हे आपले वंदनीय स्थान आहे. उन्हाळ्यात गोदाकाठच्या माळावरून चालताना टिटवीचा आक्रोश पुष्कळांनी ऐकला असेल. ती डोक्यावर घिरट्या घालते, कधी पायाजवळ येऊन ओरडते. कारण जवळच कोठेतरी, उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची तिची तीन-चार अंडी असतात. घरटे म्हणावे असे काहीच नसते. थोडासा खळगा आणि भोवती चार खडे, एवढेच. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस अधिक पडणार, असा ठोकताळा आपले शेतकरी सांगतात. त्याचा खरेखोटेपणा बाजूस ठेवू. आपणास पाहावयाचे आहे ते त्या अंड्याच्या आत.

पक्ष्याच्या गर्भाला वाढीसाठी सदतीस-अडतीस अंशांच्या आसपास उष्णता लागते. वैशाखात आपल्याकडे हवेचेच तापमान चाळीस अंशांच्या वर जाते आणि उघडी जमीन त्याहून अधिक तापते. तेव्हा टिटवीला अंडी उबवावयाची नसतात, तर निववावयाची असतात. नर आणि मादी पाळीपाळीने अंड्यांवर सावली धरून उभी राहतात. पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येतात आणि तो ओलावा अंड्यांना देतात. असे सुमारे अठ्ठावीस ते तीस दिवस चालते. या काळात कोणी माणूस कुतूहलाने तेथेच बसून राहिला, तर त्याने हात न लावताही हिंसा घडू शकते. पक्षी दूर राहतो, ऊन अंड्यावर पडते, आणि आतला जीव मरतो. पाहणारा मात्र आपण काहीच केले नाही या समाधानात घरी जातो.

अंडज खाणीची दुसरी एक गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे. कोंबडीच्या अंड्याचे कवच तयार होण्यापूर्वीच त्यात गर्भाचा आरंभ झालेला असतो. अंडे बाहेर पडते तेव्हा तो गर्भ सुमारे एक दिवसाचा असतो. अंडे थंड झाले, वीस-बावीस अंशांच्या खाली गेले, म्हणजे त्याची वाढ थांबते; परंतु तो मरत नाही. काही दिवसांनी ऊब मिळाली की तीच वाढ पुन्हा सुरू होते. म्हणूनच खुडूक कोंबडीखाली निरनिराळ्या दिवशी घातलेली अंडी ठेवली तरी एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले बरोबरच बाहेर येतात. लांडोरही असेच करते. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे १९९४ साली मोरांसाठी अभयारण्य घोषित झाले. तेथील बालाघाटाच्या झुडपांत लांडोर जमिनीवरच अंडी घालते आणि सर्व अंडी घालून झाल्यावर सुमारे अठ्ठावीस दिवस बसते. त्याआधी कोणाला ती अंडी आईवाचून गार पडलेली दिसली, तर ती टाकून दिलेली आहेत, मेलेली आहेत, असे त्याला वाटेल. वस्तुतः तेथे जीव थांबलेला असतो. जे हालत नाही ते निर्जीव, हा आपल्या इंद्रियांचा निर्णय किती कच्चा आहे, हे यावरून दिसून येते.

आता जारज खाणीकडे वळू. जार म्हणजे वार. गाय व्याल्यानंतर ‘जार पडला का?’ असे आपण गोठ्यात विचारतो, तोच हा शब्द. गाईचा गर्भ सुमारे २८० ते २८५ दिवस, म्हशीचा सुमारे दहा महिने आणि शेळीचा सुमारे पाच महिने पोटात वाढतो. आरंभीचे जवळजवळ तीन आठवडे गाईचा गर्भ गर्भाशयाला जडलेलाही नसतो. तेथील स्रावावरच तो जगतो. पुढे जार तयार होतो आणि गर्भाशयाच्या आतील अनेक गाठींशी तो जोडला जातो. त्या गाठींतून वासराला अन्न व प्राणवायू मिळतो, तरी आईचे रक्त आणि वासराचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. दोहोंच्या मधला पडदा गाईच्या जातीत इतका जाड असतो की आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये त्यातून गर्भाकडे जातच नाहीत. वासरू त्या बाबतीत रिकाम्या हातांनी जन्मास येते. ती द्रव्ये त्याला मिळतात चिकातून, आणि तीही पहिल्या काही तासांतच. एक दिवस उलटला की वासराचे आतडे ती शोषून घेऊ शकत नाही. म्हणजे गर्भात राहिलेले एक काम निसर्गाने पहिल्या दिवसाच्या चिकावर सोपविले आहे. त्या दिवशी वासराला पोटभर चीक पाजण्यापूर्वी जो खरवसासाठी चरवी भरून घेतो, तो त्या वासराच्या आश्रयाचाच एक भाग काढून घेतो. खरवस खाऊ नये असे माझे म्हणणे नाही. क्रम कोणता, एवढाच प्रश्न आहे.

या दोन खाणींची सीमारेषा सृष्टीत आपण समजतो तितकी ठळक नाही. नाग अंडी घालतो. परंतु त्याच शेतात राहणाऱ्या घोणसीच्या अंगातच गर्भ वाढतात आणि ती जिवंत पिल्लांना जन्म देते. विंचवीचेही तसेच. तिचे गर्भ कित्येक महिने तिच्या उदरात असतात आणि जन्मल्यावर ती पिल्ले आईच्या पाठीवर चढून बसतात. पिल्ले आईला खातात असा जो समज आहे, तो ते दृश्य पाहून झाला असावा. प्रत्यक्षात पहिली कात टाकीपर्यंत आई त्यांना वाहून नेत असते. मगर नदीकाठी खळगा करून अंडी पुरते. त्या अंड्यांतून नर निघावयाचा की मादी, हे त्या जागेच्या उष्णतेवर ठरते. तेथे भूमी ही नुसती जागा राहत नाही, ती गर्भाच्या घडणीत भाग घेते.

राहिली स्वेदज खाणी. उवा घामातून होतात असे म्हटले जाई; परंतु केसांना चिकटलेल्या लिखा ज्यांनी वेचल्या आहेत, त्या आपल्या आयाबायांना उवेचे अंडे ठाऊकच होते. १६६८ साली इटलीत फ्रान्चेस्को रेदी याने मांस उघडे ठेवून व कापडाने झाकून पाहिले, आणि अळ्या मांसातून नव्हे तर माशीच्या अंड्यांतून होतात हे दाखविले. १८२७ साली कार्ल फॉन बेअर याला कुत्रीच्या ठायी सस्तन प्राण्याचे अंडे दिसले. मनुष्याचे तसे अंडे मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढे असते. तेव्हा जारज देहाचाही आरंभ एका सूक्ष्म अंड्यातच होतो, हे सिद्ध झाले.

यावर कोणी म्हणेल, मग खाणींची विभागणी चुकीची ठरली काय? मला तसे वाटत नाही. जीव कोणत्या दाराने आपल्या दृष्टीस पडतो, याची ती वाटणी आहे. शास्त्राचा विषय जीवाचे बंधन आणि त्याची सुटका हा आहे. देहाच्या आतील रचनेचा शोध हा सूक्ष्मदर्शकाचा विषय आहे. एकाने दुसऱ्याचे काम केले नाही म्हणून दोघांपैकी कोणीही खोटा ठरत नाही. मात्र नवे ज्ञान हाती आल्यावर आपला आचार पूर्वीइतक्याच अज्ञानाने चालविणे योग्य ठरणार नाही. दार कोणतेही असो, दाराच्या आत जो आहे त्याची अवस्था सर्वत्र सारखीच आहे. आपला आश्रय त्याने निवडलेला नसतो, आणि संकट आले असता तेथून त्याला पळता येत नाही. हरिण धावते, पाखरू उडते, साप बिळात शिरतो. गर्भाला यांपैकी काहीच करता येत नाही. म्हणून गर्भाच्या बाबतीत अहिंसेचा अर्थ केवळ ‘मारू नये’ एवढ्याने पूर्ण होत नाही. त्याचा आश्रय मोडू नये, हाही तिचाच अर्थ आहे.

येथे शेतकरी वासनिक विचारील : नांगर धरला की मातीतली असंख्य अंडी मोडणारच, मग आम्ही शेती सोडावी काय? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. प्रपंचात राहून हिंसेचा संपूर्ण परिहार होत नाही. तथापि न दिसलेले मोडणे आणि दिसूनही मोडणे, यांत अंतर आहे. आणि पाहता आले असते पण पाहिले नाही, ही स्थिती त्या दोहोंच्या मध्ये असली तरी दुसरीच्याच जवळ आहे. तासात टिटवीची अंडी दिसली तर तेवढा तुकडा सोडून औत वळविता येते. कित्येक शेतकरी तसे करतातही. बांधावरचे गवत उन्हाळ्यात पेटवून देण्याऐवजी कापता येते. गाभण जनावराला ओझ्यातून आणि मारातून सोडविता येते. अटन करणाऱ्या साधकाला आडवाट सोडून पायवाटेने जाता येते. यात मोठे तप नाही. लक्ष मात्र लागते.

दुसरा प्रश्न घरोघरी विचारला जातो. राज्य शासनाने २०२३ च्या नोव्हेंबरात शाळांच्या पोषण आहारात अंडे देण्याचा निर्णय घेतला, आणि २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा शासकीय निधी थांबविला. त्या निमित्ताने पुष्कळांनी विचारले की, बाजारातल्या अंड्यात जीव नसतो, मग ते खाण्यात हिंसा कोणती? येथे आपण सत्य सोडू नये. ज्या कोंबड्यांत नर ठेवलेला नसतो, त्यांच्या अंड्यात गर्भ नसतो, आणि कितीही उबविले तरी त्यातून पिल्लू होणार नाही. त्या अंड्याला भ्रूणहत्या म्हणणे बरोबर नाही. अहिंसेचे समर्थन असत्याने करू गेल्यास अहिंसाच दुबळी होते. परंतु प्रश्न तेवढ्याने संपत नाही. ज्या कोंबड्या ती अंडी देतात, त्याही कोठेतरी उबविलेल्या अंड्यांतूनच आलेल्या असतात. त्या अंड्यांतून मादीइतकेच नरही निघतात. नर अंडी देत नाहीत आणि त्या जातीचे मांसही किफायतशीर नसते, म्हणून या व्यवसायात नर पिल्ले जन्मताच मारली जातात. ताटातले अंडे निर्जीव असेल; ते ताटापर्यंत आले त्या वाटेवर मात्र जीव गेलेला आहे. उपदेशी मनुष्याने त्याग करावयाचा तो हे जाणून करावा.

नर-मादीची ही निवड कोंबड्यांपुरतीच राहिली असती तर हा लेख येथे संपला असता. परंतु मनुष्यदेह दुर्लभ आहे असे सांगणाऱ्या आपल्याच या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर १००० मुलांमागे ८०७ मुली मोजल्या गेल्या. महाराष्ट्रातील ते सर्वांत कमी प्रमाण होते. गर्भलिंग तपासणीवर महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली कायदा केला होता, तरी हे घडले. टिटवीचे अंडे उघड्या माळावर असते. त्याला ऊन, कोल्हा, नांगर या सर्वांचे भय. मनुष्याचा गर्भ त्याच्या मानाने सर्वांत सुरक्षित ठिकाणी असतो. त्या ठिकाणी त्याला भय उत्पन्न झाले ते स्वजनांपासून. तासातली अंडी पाहून औत वळविणारा हात घरात मात्र वळला नाही, असे ज्या घरी झाले असेल, त्या घरच्या अहिंसेला काय म्हणावे? त्या घरात नित्य स्मरण होत असेल, तर हा प्रश्न अधिकच कठीण होतो.

लीळाचरित्रातील सशाची लीळा आपणा सर्वांना परिचित आहे. पाठीमागे शिकारी लागले असता एक ससा सर्वज्ञांच्या आसनाशी येऊन त्यांच्या मांडीखाली लपला, आणि त्याला तेथे अभय मिळाले. ससा हा प्राणी पोटात सुमारे सहा आठवडे वाढतो आणि अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच उघड्या रानात जन्मतो. कारण त्याला लवकरच पळावे लागते. त्याला पाय होते, म्हणून तो आश्रयापर्यंत पोहोचला. ज्याला अद्याप पाय फुटलेले नाहीत, तो आश्रयापर्यंत चालत येऊ शकत नाही. तो असेल तेथेच त्याला अभय द्यावयाचे असते. मग ती जागा नदीकाठचा खळगा असो, गोठ्यातील गाईचे उदर असो, की आपल्या घरातील सुनेची कूस असो. एवढे जरी आपल्या आचरणात आले, तरी चार खाणींचे निरूपण कानांवरून वाहून गेले असे होणार नाही.