घसारा

माणसाला जमीन किती लागते, या प्रश्नावर टॉलस्टॉयने एक झकास गोष्ट लिहून ठेवली आहे. माणसाच्या वस्तूंना जागा किती लागते, यावर मात्र त्याने लिहिलं नाही. कारण तो कधी नाशिकला, इंदिरानगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये उतरला नव्हता. आमच्याकडे माणसं तीन आणि पिशव्या तीनशे. पिशव्यांत पिशव्या, त्यांत आणखी पिशव्या आणि सगळ्यांत आतल्या पिशवीत, जी सापडत नव्हती ती गॅसची पावती.

यावर उपाय म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी भरतकामाचं मशीन घेतलं. वस्तू फार झाल्या म्हणून आणखी एक वस्तू आणायची, हे अर्थशास्त्र मला बी.कॉम.च्या तीन वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं.

"अहो, यावर कापडाचे खोके होतात," ही म्हणाली. "बाहेरून वेलबुट्टी, आतून अस्तर, मध्ये कडक बुकरम. सगळा पसारा त्यांत भरायचा, की घर कसं मोकळं!"

मी ताबडतोब नैतिक पवित्रा घेतला. यंत्रापायी माणसाचे हात निकामी होतात, असं गांधीजी सांगून गेलेत, हे मी ठणकावून सांगितलं. आमची अकरावीतली कन्या बापावर विश्वास ठेवण्यापूर्वी मोबाइलवर तपासून घेते. तिने तिथल्या तिथे निकाल दिला, "बाबा, शिवणयंत्राला गांधीजींनीच सूट दिली होती. 1924 साली. सिंगरला बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून त्याने ते बनवलं, त्यात प्रेम आहे, असं ते म्हणाले होते." या सिंगरसाहेबांविषयी मी पुढे वाचलं. 1851 साली पेटंट घेणाऱ्या या गृहस्थांना निरनिराळ्या संसारांतून वीसच्या वर मुलं होती, आणि यंत्रामागे प्रेम असलंच तर ते पैशावरचं होतं. पण तोवर मशीन घरात आलं होतं आणि हप्ते माझ्या पगारातून जाऊ लागले होते.

मशीन पाहण्यासारखं मात्र खरं. रिंगमध्ये कापड ताणून बसवायचं, त्याला खालून बुकरम लावायचं आणि बटण दाबायचं. सुई जागच्या जागी वरखाली करते. फिरते ती रिंग. थेट आमच्या बँकेसारखं! साहेब जागचा हलत नाही, गिऱ्हाईक मात्र या खिडकीवरून त्या खिडकीवर. रंग बदलायची वेळ आली की मशीन थांबून हाका मारतं. बॉबिनचा दोरा संपला की संपावर जातं. चार भिंती आणि एक तळ असे पाच तुकडे वेगवेगळे भरून निघाले, की ते कडांनी जोडायचे. झाला खोका. पहिल्या खोक्यात रिळं गेली, दुसऱ्यात औषधं, तिसऱ्यात चार्जर. सहावा खोका रिकाम्या खोक्यांसाठी होता.

होता होता घरातलं कापड संपलं. जुने पडदे गेले, चादरी गेल्या, माझा लग्नातला सूटही हुतात्मा झाला. आणि एका रविवारी पलंगाखालची आईची ट्रंक बाहेर निघाली.

आईला जाऊन चार वर्षं झाली. ट्रंकेत सगळ्यांत खाली, जुन्या धोतरात गुंडाळलेली तिची पैठणी होती. येवला आमच्याच जिल्ह्यातलं. बाबांनी तिथे विणकराच्या घरी जाऊन, माग बघून ती आणली होती. खऱ्या पैठणीच्या पदरावरची नक्षी उलटसुलट दोन्हीकडून सारखीच दिसते, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला पदर उलटा करून दाखवत. मशीनच्या भरतकामाचं तसं नाही. वरून मोर, खालून दोऱ्यांचा गुंता. मनुष्यस्वभावाला तेच जवळचं.

पैठणी उलगडली आणि आम्ही दोघंही गप्प झालो. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहून रेशीम घडीघडीवर उभं चिरलं होतं. घड्यांवरची जर काळी पडली होती. अशी वस्त्रं मधूनमधून उलगडून, घडी बदलून ठेवावी लागतात. आम्ही ती ट्रंकेला सोपवून मोकळे झालो होतो.

"अहो, मधलं सगळं गेलंय," ही हळूच म्हणाली. "पदर आणि काठ तेवढे शाबूत आहेत. त्यांचा खोका करू?"

मी कडाडलो, "आईच्या पैठणीला कात्री? लाज नाही वाटत?" आणि न्याय मागण्यासाठी थेट संगमनेरला ताईला फोन लावला. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझ्या वास्तुशांतीच्या दिवशी आई ती पैठणी नेसून तयार झाली होती. तू तिला काय म्हणालास, आठवतं?"

आठवत होतं. मी म्हणालो होतो, "आई, पावसाचे दिवस आहेत. होमाच्या ठिणग्या उडतील, पंगतीत कोणीतरी वरण सांडेल. जपून ठेव, पुढे नेस." आई काही बोलली नाही. आत जाऊन तिने साधं पातळ नेसलं आणि पैठणीची घडी घातली. ती घडी परवाच्या रविवारी उलगडली.

वाचकहो, हिशेबशास्त्रात घसारा नावाची एक चीज आहे. मालमत्तेची किंमत दरसाल थोडी कमी करायची, तो घसारा. भल्याभल्यांना वाटतं, की तो वापरल्यामुळे लागतो. तसं नाही. यंत्र वर्षभर झाकून ठेवलं तरी तो लागतो. काळ त्याचा वाटा घेतोच. हे मी पेपरात लिहून मार्क मिळवले, पण आईला "जपून ठेव" म्हणताना ते आठवलं नाही. बँकेत तरी निराळं काय बघतो? दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कोणी हात लावला नाही, तर 2014 च्या योजनेप्रमाणे शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. तिथे एक बरं असतं. खातेदार किंवा वारस कागद घेऊन आला, तर पैसे परत मिळतात. आईची वास्तुशांत मला कोणत्या खिडकीवर परत मिळणार?

कोणी म्हणेल, आपल्याकडे जुन्या लुगड्यांच्या गोधड्या होतच आल्या आहेत, मग खोक्याचं एवढं काय? मीही मनाची तशीच समजूत घालून पाहिली, पण ती पटेना. गोधडीत जातं ते वापरून विरलेलं लुगडं. त्याने उन्हं पाहिलेली असतात, चुलीचा धूर खाल्लेला असतो, पोरांची नाकं पुसलेली असतात. त्याचे तुकडे करायचा हक्क त्या बाईने नेसून नेसून मिळवलेला असतो. आमची पैठणी न नेसताच विरली. नाशिकरोडच्या छापखान्यातली नोट हजार हातांतून फिरून मळते, तेव्हा तिचं सार्थक झालेलं असतं. आणि ज्या पाचशे-हजारांच्या नोटा लोकांनी कोऱ्या करकरीत जपल्या, त्यांचं 2016 च्या नोव्हेंबरात काय झालं, ते आम्ही खिडकीच्या अलीकडून पाहिलं आहे. पाप कात्रीचं नव्हतं. ते आधीच, मायेच्या भाषेत, माझ्या तोंडून होऊन गेलं होतं. "जपून ठेव" म्हणताना मी आईला जपत नव्हतो, साडीला जपत होतो.

शेवटी खोका झाला. त्या पदरावर हिने मशीनने एक बुट्टीसुद्धा भरली नाही. ज्ञानेश्वरीत आपल्या ओव्या घालू नयेत, एवढं तिला कळतं. नुसता साधा टाका मारून कडा जोडल्या. आत काय ठेवायचं, यावर मी सुचवलं, "आईचा चष्मा, पासबुक... आणि वर कपाटात ठेवून देऊ. जपून."

"अजून जपूनच का?" ही म्हणाली. आता त्या खोक्यात किल्ल्या असतात, टीव्हीचा रिमोट असतो, माझा डोकेदुखीचा बाम असतो. दिवसातून दहा वेळा कोणाचा ना कोणाचा हात पदरावरून फिरतो. कोपरे मळायलाही लागलेत.

परवा शेजारी हळदीकुंकू होतं. हिने आपला लग्नातला शालू बाहेर काढला. माझ्या तोंडून "अगं, ज—" एवढं निघालं आणि मी जीभ चावली.

"काय म्हणालात?"

"जरा लवकर नेस, म्हटलं. उशीर होईल."

रात्री आली ती काठावर हळदीचा हा एवढा डाग घेऊन. मी डाग पाहिला आणि मनातल्या मनात नोंद केली : घसारा, वापरापोटी. बऱ्याच वर्षांनी एखादी नोंद बिनचूक झाल्यासारखं वाटलं.