एका गळाने काय बिघडते?

ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या सागरी उद्यानात १ जुलै २००४ पासून सुमारे ३३ टक्के भागात मासेमारी बंद झाली. पूर्वी हा भाग ५ टक्क्यांहूनही कमी होता. हौसेने मासे धरणारे रागावले. मोठ्या बोटी टनावारी मासे उपसतात, आमच्या एका गळाने काय बिघडते, असे त्यांचे म्हणणे.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपण हसण्यावारी नेऊ नये. सुट्टीच्या दिवशी बापलेकांनी गळ टाकून बसणे हा निर्मळ आनंद आहे. पण हजारो जण हेच म्हणाले, तर उरणार काय?

त्याच सागरातील केपेल बेटांजवळचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील राखीव प्रवाळ सुमारे २८ टक्केच. पण दोन जातींच्या माशांची जवळजवळ निम्मी पिल्ले तेथूनच आली होती. बंदीची रेषा ओलांडून ती खुल्या पाण्यातही पोहोचली होती. म्हणजे राखलेला मासा अखेर गळवाल्यांच्याही उपयोगी पडतो.

ज्यांचे आज काही जाते, त्यांना विचारूनच अशी रेषा आखावी, हा न्याय. पण पोटाची भूक थांबत नाही. हौस थांबू शकते. जे सर्वांचे आहे, त्यातला आपला वाटा थोडा मागे ठेवणे हे नुकसान नव्हे, असे आम्हांला वाटते.