पेंगेत दिसलेला देव

झोप लागायच्या अगोदर एक काठ असतो. डोळे मिटलेले, हातपाय जड झालेले, पण कान उघडे. तिथं उजेडाचे ठिपके दिसतात. चेहरे येतात नि विरतात. कुणीतरी आपल्या नावानं हाक मारतं. कधी खड्ड्यात पडल्यागत आपण दचकतो. कधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कुणी बसलंय असं वाटतं. मग म्हातारी माणसं म्हणतात मुंजा बसला, हडळ बसली. १८४८ साली फ्रान्सच्या आल्फ्रेड मोरीनं या चित्रांना शास्त्रीय नाव दिलं. आपल्याकडं पेंग, तंद्री, गुंगी असे साधे शब्द आहेत नि ते पुरेसे आहेत.

प्रश्न असा, की ज्यानं बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्यानं या काठावर मुद्दाम जाऊन बसावं काय? बसला नि तिथं काही दिसलं, ऐकू आलं, तर त्याचं करायचं काय?

चळवळीत हा काय नसता विषय, असं कुणी म्हणेल. मला तो नसता वाटत नाही. आपल्या आजापणज्यांना गुलामीत ठेवायला पोथ्या लागल्या, तसा हा काठही लागला. पोथी त्यांना वाचता येत नव्हती. पण मरीआई त्यांच्या अंगात येत होती.

मी हा प्रकार करून पाहिलाय. अवघड काही नाही. उताणं पडायचं, कोपर टेकवून हात उभा धरायचा. झोप शिरली की स्नायू सैल पडतात, हात खाली येतो, जाग येते. पुन्हा हात उभा. चारपाच वेळा असं केलं की माणूस त्या काठावर रेंगाळायला शिकतो. २०२१ साली पॅरिसच्या संशोधकांनी हेच केलं. लोकांच्या हातात एक वस्तू दिली, ती पडली की जाग. गणिताच्या कोड्यातली लपलेली युक्ती जाग्या राहिलेल्यांपैकी तीस टक्क्यांना सापडली, आणि जे पंधरा सेकंद तरी या पहिल्या पेंगेत होते त्यांच्यापैकी त्र्याऐंशी टक्क्यांना. जे पुढं गाढ झोपेत गेले त्यांचा हा फायदा गेला. म्हणजे काठावर काहीतरी घडतं हे खरं. भंकस नाही.

पण काय दिसतं तिथं? पिंपरी पेंढारला दिवसभर कांदा काटा. रात्री डोळे मिटले की कांदाच. पात, मुंडी, विळा. पात, मुंडी, विळा. हात अंथरुणात असतात नि बोटं हलतात. दिवसभर उसात असाल तर पाचट दिसतं. हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्डनं २००० साली याचाच पुरावा मांडला. लोकांना टेट्रिस नावाचा विटा रचायचा खेळ खेळायला लावला. झोप लागताना त्यांना विटा पडताना दिसल्या. त्यात स्मृती गेलेले काही रुग्ण होते. आपण खेळलो हेच त्यांना आठवत नव्हतं, तरी त्यांच्यातल्या काहींना विटा दिसल्या!

दोस्तहो, यावर जरा थांबा. खेळ आठवत नाही पण चित्र येतं. म्हणजे जे कुठून आलं हे आपल्याला कळत नाही, ते वरून आलं असं मानायची गरज नाही. ते आपल्याच दिवसातून आलेलं असतं. ज्याच्या दिवसात कांदा त्याला कांदा. ज्या बाईच्या दिवसात पटकीची भीती, मरीआईचा गाडा, पाटलाची शिवी नि पोर दगावायची धास्ती, तिला देवी. देवीनं तिला निवडलं नव्हतं. गावानं तिच्या दिवसात जे भरलं तेच रात्री बाहेर आलं.

आणि ते बाहेर काढायची रीतही ठरलेली. उपास, उदाचा धूर, एका ठेक्यात चाललेली हलगी, नि सगळ्यात मोठं म्हणजे जागरण. देवाच्या कार्यात रात्रभर झोपू द्यायचं नाही यात नुसती भक्ती नाही, तंत्र आहे. झोप तुंबली की स्वप्न जागेपणात घुसतं. पहाटे तीनला जे डोलू लागतं ते निम्मं झोपेतच असतं. हे कळायला देव्हारा लागत नाही, दोन रात्री डोळा न लावता काढा.

इथवर आपलं सगळ्यांचं एकमत होईल. पुढचं मला सोपं वाटत नाही.

अंगात आलेल्या बाईला त्या तासाभरात काय मिळतं, हे आपण फारसं पाहत नाही. एरवी जिचं कुणी ऐकत नाही ती खडसावते. नवऱ्याला नाव घेऊन विचारते. सासू हात जोडते. वरच्या आळीतला माणूसही त्या वेळी तिच्यापुढं वाकलेला मी पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही ही गोष्ट वेगळी. म्हणजे व्यवस्थेनं तिला एक तास दिला आणि बाकीचे तेवीस काढून घेतले. तो तासही तिच्या नावावर नाही, देवीच्या नावावर. आपण तिथं जाऊन म्हणतो, बाई, हे सगळं थोतांड. बरोबर म्हणतो. २०१३ साली नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंगात शक्ती संचारल्याचं भासवून लोकांना भीती घालणं हा आता गुन्हा आहे. कायदा हवाच. पण जी भासवत नाही, जिला खरंच तसं होतं, तिला कायदा काय सांगणार? तिचा अनुभव खोटा नाही. त्याचा लावलेला अर्थ खोटा आहे. हा फरक न करता हसलो, तर आपण तिचा एक तास घेतला नि बदल्यात दिलं काहीच नाही.

आता आपल्या घरातलं बोलू. समजा उद्या एखाद्या कार्यकर्त्याला पेंगेत बाबासाहेब दिसले. बोलले. अमक्याला पाड, तमक्याबरोबर युती कर, म्हणाले. हे अशक्य नाही. ज्याचा सगळा दिवस बाबासाहेबांत जातो त्याला रात्री बाबासाहेबच दिसणार. कांद्याचाच न्याय. ते दिसले याचा आनंद त्यानं जरूर घ्यावा. पण सकाळी बैठकीत येऊन तो म्हणाला, ‘मला आदेश झाला’, तर तो पोतराजच, फक्त गळ्यात निळा गमछा. अवतार मानणार नाही ही प्रतिज्ञा विष्णूपुरती नाही. पेंगेत सुचलेलं सकाळी लख्ख उजेडात मांडावं, चार जणांनी त्यावर उलटसुलट बोलावं, टिकलं तर घ्यावं. कालामांना बुद्धानं दुसरं काय सांगितलं? परंपरा म्हणते म्हणून नको, गुरू म्हणतो म्हणून नको. पेंग म्हणते म्हणूनही नको, हे मी माझ्या पदरचं घालतो.

मग मुद्दाम त्या अवस्थेत जावं की नाही? आपल्यातले बरेच जण विपश्यनेला जातात. गोयंकांनी १९६९ पासून भारतात शिबिरं घेतली, इगतपुरीचं केंद्र १९७६ पासून चालू आहे. आपल्यातलेच दुसरे म्हणतात, डोळे मिटून बसणं म्हणजे लढ्यातून पळ. या भांडणात बाबासाहेबांचा ग्रंथ उघडावा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये सिद्धार्थ आलार कालामाकडं जातो, समाधीच्या पायऱ्या शिकतो, उद्दक रामपुत्ताकडून आणखी एक शिकतो. पुढं मगधात श्वास कोंडायची रीत करून पाहतो. कानातून आवाज येतात, डोकं भोसकल्यागत दुखतं. सगळं शिकतो, आणि पुढं निघतो. शिकायलाच नकार देत नाही, पण तिथं मुक्कामही करत नाही. कारण ज्या प्रश्नासाठी घर सोडलं तो प्रश्न माणसामाणसांतल्या भांडणाचा होता, रोहिणी नदीच्या पाण्याचा होता. समाधीत पाणीवाटप होत नाही. माझं मत असं, की काठावर जायला हरकत नाही, तिथं घर बांधू नये.

बौद्ध परंपरेत तर पेंगेला मानाचं स्थानच नाही. थीनमिद्ध, म्हणजे सुस्ती नि झापड, हे पाच अडथळ्यांपैकी एक. अंगुत्तर निकायात मोग्गल्लान ध्यानाला बसून पेंगतोय अशी हकीकत आहे. एवढा मोठा शिष्य, नि पेंगतोय! बुद्ध त्याला चमत्काराचं काही सांगत नाही. मनातला तो विचार सोड, शिकलेल्या धम्माचा विचार कर, तो पाठ म्हण. कान ओढ, अंग चोळ. उठून डोळ्यांवर पाणी मार, तारे बघ. मनात उजेड आण. येरझारा घाल. एवढ्यानंही नाही गेली, तर उजव्या कुशीवर झोप, उठायची वेळ मनात ठेवून.

लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात वीस खोल्या आहेत, आता मध्ये गणपती बसलाय. जुन्नरच्या लेण्यांत कुठं कुठं खोलीत दगडी ओटे आहेत, भिक्खूंच्या झोपण्याचे. त्यांनाही पेंगेत चेहरे दिसले असतील. दिसले नि गेले.

उजव्या कुशीवर झोप, हे सांगायला मात्र समोरच्याला झोपायची मुभा लागते. आमच्याकडं शेतीची लाईट वर्षानुवर्षं पाळीपाळीनं रात्रीची येत आली. बारा वाजता मोटर चालू करून बारं द्यायला जो गडी उसात उभा असतो, त्याला काठावर जायला कोपर टेकवावं लागत नाही. तो उभ्यानं पेंगतो. बॅटरीच्या उजेडात त्याला दोन डोळे चमकताना दिसतात, आणि ते पेंगेतले की बिबट्याचे हे त्याला त्याच क्षणी ठरवावं लागतं. जुन्नर तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली आहेत. १९४६ साली, बाबासाहेब मजूरमंत्री असताना, कारखान्यातला आठवडा ४८ तासांवर आला. उसातल्या गड्याच्या रात्रीचे तास कुणी मोजले नाहीत. आपल्या पुढच्या अभ्यासवर्गात ध्यानावर चर्चा ठेवलीच आहे, तर त्यात हाही विषय घ्यावा, आणि वर्ग दिवसा ठेवावा, म्हणजे रात्रपाळीच्या गड्यांनाही येता येईल.